मागितलेली जागा

सुलाबाईने चातुर्मासाचा नेम घेतला, तेव्हा मखमलाबादच्या राममंदिरात बसलेल्या साऱ्या बायका हसल्या होत्या.

आषाढी एकादशीची दुपार. प्रवचन संपलं होतं, आणि बुवा एकेकीला विचारत होते, यंदा काय सोडणार म्हणून. साळूबाईने वांगं सोडलं. ते ती दरवर्षीच सोडायची, कारण वांग्याने तिच्या अंगाला खाज सुटायची. बायडाबाईने चहा सोडला आणि लगेच विचारलं, कॉफी चालते का. सुलाबाईची पाळी आली, तर तिच्याकडे सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिचे यजमान निवृत्ती गेले त्या वर्षी तिने कांदा-लसूण सोडला, मग गादी सोडली, सोमवार आणि शनिवार तर ती लग्नाआधीपासून एकवेळ जेवायची. पदराच्या टोकाशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "बुवा, कार्तिकीपर्यंत माझ्यापाशी कोणी काय मागितलं तर नाय म्हणायचं नाय. असा नेम घेतला तर चालंल का?"

"अगं सुले," साळूबाई सगळ्यांत मोठ्याने हसली, "तुला नाय म्हणता येतंच कुठं! लग्न होऊन आलीस तवापासून हाच तर नेम चालूय तुझा. काहीतरी अवघड घे की!"

बुवा मात्र हसले नाहीत. "सोपा वाटतो, पण जपा माउली," एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाईकडे वळले.

नेम कळायला गावाला वेळ लागला नाही. गल्लीतली पोरं पेरूच्या झाडाखाली येऊन "आजी, काढू का?" असं एरवी विचारत नव्हती, आता मुद्दाम विचारायला लागली. तिची पाटी, तिचं पुरणयंत्र, तिची मोठी परात घरोघर फिरायला लागली. गौरींच्या आदल्या दिवशी तर बायडाबाईने कमाल केली. आपल्या गौरीला नेसवायला तिने सुलाबाईची जांभळी पैठणीच मागितली. ती पैठणी इतकी वर्षं सुलाबाईच्याच थोरल्या गौरीला नेसवली जायची. सुलाबाई क्षणभर कपाटाच्या दाराला हात लावून उभी राहिली. मग तिने घडी काढली, डांबराच्या गोळ्या झटकल्या आणि बायडाबाईच्या हातावर ठेवली.

सणाला बंगळूरहून तिचा मुलगा सुयश आला होता, बायको अंजली आणि मुलगी सृष्टी यांना घेऊन. साध्या सुती साडीत उभी असलेली गौर बघून तो म्हणाला, "आई, पैठणी कुठंय?"

"बायडाबाईनं मागितली."

"आणि तू दिलीस?"

"नेम हाय ना रे."

मग तिने नेम सांगितला. अंजली हसली. सुयश हसला नाही. तो गौरीकडे बघत राहिला आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसला. सुलाबाईला वाटलं, पैठणीचं वाईट वाटलं असेल पोराला.

गौरी-गणपती विसर्जन करून सगळे घरी आले त्या संध्याकाळची गोष्ट. सुलाबाई देव्हाऱ्यापुढची रांगोळी पुसत होती. स्वयंपाकघरात अंजली हलक्या आवाजात म्हणाली, "अरे, विचारून टाक ना आईंना. किती दिवस घोळवतोयस."

"आत्ता नको," सुयश म्हणाला.

"मग कधी?"

"बघतो गं. आत्ता नको म्हटलं ना."

सुलाबाईच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. काय विचारायचंय हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आईला एकच गोष्ट विचारायची राहिली होती. निवृत्ती गेले तेव्हा तिला बंगळूरला न्यायचा विषय निघाला, तर सुयश म्हणाला होता, "वर्ष जाऊ दे, मग बघू." वर्ष गेलं, त्यावर दुसरंही गेलं.

तसं तिचं वाईट काही चाललं नव्हतं. निवृत्तींनी शेवंती आणि झेंडूच्या पिकावर बांधलेलं स्लॅबचं चार खोल्यांचं घर होतं. शेत बारकूला वाट्याने दिलेलं. तो सकाळी देवाला ओंजळभर फुलं आणून द्यायचा, "काकू, ठेवली" असं म्हणायचा आणि फूलबाजाराची गाडी गाठायला पळायचा. त्यानंतर दुपारी साळूबाई डोकावेपर्यंत घरात माणसाचा आवाज नसायचा. देव धुणं, पोथी, तुळशीला पाणी यांत सकाळ सरायची. पण संध्याकाळ सरायची नाही. दिवा लावला, हात जोडले की पुढे काय, हे रोज नव्याने शोधावं लागायचं. ती बघत नसलेली मालिका टीव्हीवर लावून ठेवायची, नुसती माणसं बोलताना ऐकू यावीत म्हणून. कणीक अजून दोघांची भिजायची. उरलेली सकाळी गाईला.

सुयशचा रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. "कशी आहेस?" "बरी हाय." "काही लागतंय का?" "काय लागणार? सगळं हाय." एवढं बोलून दोघंही जरा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची.

आपण होऊन "मला तिकडं ने" असं म्हणणं तिच्या जिभेवर कधी आलंच नव्हतं. तिच्या माहेरी आणि सासरीही बायकांना एकच वळण होतं. हळदीकुंकवाला शेजारच्या घरी जायचं तरी कोणीतरी कुंकू लावून बोलावलं पाहिजे. न बोलावता उंबरा ओलांडायचा नाही. निवृत्ती गेल्यापासून कुंकवाचा करंडा घेऊन तिच्या दारात येणारं कोणी उरलं नव्हतं, पण वळण काही सुटलं नव्हतं. ज्याचं घर त्याने बोलवावं. सुयशने एकदा म्हणावं, की ती हो म्हणणार होती. हो तिने केव्हाचं तयार करून ठेवलं होतं.

यंदा पितृपक्षात निवृत्तींचं पान सुयशच्या घरी ठेवायचं ठरलं होतं. त्यासाठी सुलाबाई त्यांच्याबरोबर बंगळूरला निघाली होती. घटस्थापनेआधी परत, तिकीटही काढलेलं. घरची किल्ली आणि तुळशीपुढचा दिवा तिने साळूबाईवर सोपवला; देव्हाऱ्यातले देव मात्र डबीत घालून बरोबर घेतले.

"विमानात बसणार बाई आमची सुला!" साळूबाई गाडीच्या खिडकीत तोंड घालून म्हणाली. "खाली बघून हात कर हां. मी गच्चीवर उभी ऱ्हाते."

ओझरच्या विमानतळावर गर्दी फार नव्हती, पण गडबड होती. सुयश काउंटरपाशी जाऊन थांबला होता आणि त्याचा चेहरा पडला होता. सणाच्या धावपळीत मोबाइलवर जागा ठरवायच्या राहून गेल्या होत्या. आता विमान कंपनीने आपणहून दिल्या होत्या, आणि चौघांना चार टोकांना टाकलं होतं. सृष्टीसुद्धा एकटी, पार मागे.

"आठ वर्षांची मुलगी एकटी कशी बसेल?" अंजली म्हणाली.

"तिला आईजवळ देते सर," काउंटरपलीकडची मुलगी बटणं दाबत म्हणाली. "नववी रांग, दोन्ही शेजारी. तुमचं मात्र..."

"आणि माझी आई?"

"त्यांची वेगळीच राहील. विमान भरलंय सर."

सुलाबाई पाठीमागे देवांची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिने सुयशला असं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणापासून हे पोर कोणाकडे काही मागायचं नाही. शाळेत पेन्सिल हरवली तर दिवसभर नुसतं बसून राहायचं, पण शेजारच्याला मागायचं नाही. तो आज काउंटरवर दोन्ही कोपर टेकून पुढे वाकला होता.

"मॅडम, प्लीज बघा ना. आईचा पहिलाच विमानप्रवास आहे. मला आईजवळच बसायचंय. कुठंही द्या, मागे द्या, पण शेजारी द्या."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, सुलाबाईकडे पाहिलं, मग कोणाला तरी फोन लावला. बरंच इकडंतिकडं झालं. शेवटी तिने दोन चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. "चौदावी रांग. आजींना मधली, तुम्हाला कडेची. खिडकी नाही जमली."

"खिडकी नको," सुयश म्हणाला आणि वळून आईकडे बघून हसला. "जमलं गं आई."

'मला आईजवळच बसायचंय.' सुरक्षा तपासणीच्या रांगेत, देवांची डबी यंत्रातून जाताना, बाकावर बसल्यावर, सुलाबाई ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात फिरवत होती. म्हणजे विमानात विचारणार तर. बरोबरच आहे. घरात सणाची माणसं, पोरीचा दंगा, तिथे कुठे बोलणार? विमानात दोघंच शेजारी, उठून कुठे जायचंही नाही. तिने मनातल्या मनात रामाला हात जोडले.

विमानात शिरल्यावर सुयशने तिला चौदाव्या रांगेत बसवलं, पट्टा लावून दिला आणि म्हणाला, "बस हां, मी सृष्टीची बॅग वर टाकून येतो. तिकडं जागा नाही बहुतेक." तो पुढे गेला.

खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती. नाकात नथनी, काठापदराचं हिरवं लुगडं, आणि समोरच्या खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी अशी धरली होती, जणू विमान आत्ताच उडालंय.

"पहिलीच खेप का?" सुलाबाईने विचारलं.

म्हातारीने मान हलवली. "धनी तिकडं मागं बसलेत. मला इथं टाकली एकटीला. जीव नुसता पाण्यावानी झालाय बघा."

"घाबरू नका. मी हाय ना इथं."

तेवढ्यात कडेला एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. "भागे, हायेस ना गं?" त्यांनी आधी बायकोला विचारलं, मग सुलाबाईकडे बघून हात जोडले. "ताई, मी सावळीराम, लासलगावचा. पोरानं तिकिटं काढली पर जागा येगळ्या आल्या बघा. ही लय भितीय. माझी जागा मागं हाय, बावीसला, मधलीच. तेवढी तुमची जागा मला द्याल का?"

सुलाबाईने पट्ट्यावर हात ठेवला. तिने पुढे पाहिलं. नवव्या रांगेपाशी सुयश वरच्या कप्प्यात बॅग कोंबत होता, त्याची पाठ इकडे होती. त्याला हाक मारावी असं वाटलं. पण हाक मारून काय सांगणार होती? 'मागितलंय रे, तू येऊन नाही म्हण' असं? म्हणजे नकार आपण नाही द्यायचा, पोराच्या तोंडून द्यायचा. तो काय नेम झाला? शेजारी भागीबाईने खुर्चीवरचा एक हात सोडून तिचा पदर धरला होता.

"या ना," सुलाबाई म्हणाली. "बसा."

पट्टा सोडायला तिला जमेना. तो सावळीरामबाबांनीच वाकून सोडवला. "देव तुमचं भलं करंल," ते म्हणाले.

अरुंद वाटेत माणसं पुढे येत होती. त्यांच्यातून वाट काढत सुलाबाई मागे निघाली, तेवढ्यात सुयशची हाक आली. "आई! अगं कुठं चाललीस?"

"त्यांना बायकोजवळ बसायचंय. मागितली त्यांनी जागा."

सुयशने चौदाव्या रांगेकडे पाहिलं. भागीबाईने नवऱ्याचा दंड घट्ट धरलेला होता. "आई, मी केवढा..." तो एवढंच बोलला. मागून विमानातली मुलगी आली. "सर, प्लीज बसून घ्या. मॅडम, तुम्हीपण." दोघांच्या मध्ये माणसं आली. सुलाबाईला त्याचं तोंड दिसलं, मग नुसतं डोकं दिसलं, मग तेही खाली बसलं.

बावीसच्या रांगेत मधल्या जागेवर ती बसली. खिडकीशी एक तरुण होता, कडेला दुसरा. दोघांच्या कानांत काहीतरी खुपसलेलं. खिडकीवाल्याने पडदा खाली ओढून घेतला आणि डोळे मिटले. कडेच्याने मांडीवर कॉम्प्युटर उघडला. दोन्ही हातांखालच्या दांड्या त्या दोघांनी आधीच घेतलेल्या होत्या. सुलाबाईने कोपरं अंगाशी घेतली आणि देवांची पिशवी मांडीवर ठेवली. मुलगी आली आणि पिशवी खुर्चीखाली ठेवायला सांगून गेली. देव पायांपाशी कसे ठेवायचे? पण तिनेही सांगितलं होतं, म्हणजे मागितलंच की एका परीने. सुलाबाईने चपला काढल्या, पाय मागे घेतले आणि पिशवी खाली ठेवून मनात क्षमा मागितली.

विमान धावलं, उडालं. साळूबाई गच्चीवर उभी असेल, हे तिला आठवलं. पडदा बंद होता. कोणत्या बाजूला गाव आहे तेही कळत नव्हतं. तरी तिने मांडीवरचा हात जरासा वर केला आणि खाली घेतला.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. जप करावा म्हणून तिने बोटांची पेरं मोजायला घेतली, पण मन चौदाव्या रांगेत जाऊन बसत होतं. आत्ता विचारलं असतं त्याने. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं असतं. आधी इकडचंतिकडचं बोलला असता, शेवंतीला भाव काय, बारकू नीट वागतो का, आणि मग घसा खाकरून... निवृत्तीही महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी घसा खाकरायचे. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ असं काही एकटं वाटलं, की घरच्या ओट्यावरही तसं कधी वाटलं नव्हतं. घरी निदान एकटेपणाला जागा होती, भिंती होत्या. इथे दोन्ही बाजूंना माणसं होती, त्यांच्या अंगाची ऊब लागत होती, आणि तिला हुंदका आला असता तर तो ऐकणारं कोणी नव्हतं.

"आई."

कडेला अंजली उभी होती, हातात डबा घेऊन. कॉम्प्युटरवाल्याने नाइलाजाने मान मागे घेतली.

"राजगिऱ्याचे लाडू आहेत. सकाळपासून काही खाल्लं नाहीत तुम्ही, आज शनिवार ना." तिने डबा दिला आणि तिथेच वाकून उभी राहिली. "का दिलीत हो जागा? सुयश अगदी गप्प बसलाय. मला म्हणाला, आईला बहुतेक माझ्याजवळ बसायचंच नव्हतं."

"असं म्हणाला?" सुलाबाई पुढे झुकली. "अगं, मागितली त्यांनी."

"हो, कळलं मला. पण त्यालाही नाही म्हणता येत ना कुणाला, तुमच्यावरच गेलाय. ऑफिसातली सगळ्यांची कामं ह्याच्याच गळ्यात असतात. मग तोंड पाडून बसायचं." अंजली जरा हसली. खाली वाकून, जवळजवळ सुलाबाईच्या कानाशी तिने सांगितलं, "आई, तो तुम्हाला एक विचारणार होता. तुम्ही आमच्याकडेच राहायला यावं म्हणून. मी कधीची त्याच्या मागे लागलेय."

सुलाबाईने डब्याचं झाकण दाबून धरलं. "मग?"

"मग काय, नाही विचारणार आता. ती पैठणी गेली ना, तेव्हापासून त्याचं एकच. म्हणतो, आईला आत्ता काहीही विचारलं तर ती हो म्हणणार. नेमच आहे तिचा. घर सुटणार, शेत सुटणार, देऊळ सुटणार, आणि तरी ती हो म्हणणार. तसलं हो मला नको. कार्तिकी होऊ दे, मग बघू."

"तवर मी परत गेलेली असंल."

"तेच तर मी म्हणते त्याला."

पट्टे बांधायचा दिवा लागला. अंजलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं आणि ती पुढे निघून गेली.

सुलाबाईने लाडू खाल्ला नाही. डबा दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली. इतके दिवस तयार करून ठेवलेलं हो तिच्यापाशी होतं, आणि ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. बुवा हसले नव्हते ते का, हे तिला आत्ता कळलं. नाही म्हणायचं नाही एवढं तिने देवापुढे सांगितलं होतं. पण मागायचं नाही असं काही ती बोलली नव्हती. तो न मागायचा नेम कोणत्या देवळात घेतला होता? कोणी घ्यायला लावला होता? विमान खाली उतरू लागलं, कानात दडे बसले. खिडकीवाल्या तरुणाने डोळे उघडून पडदा वर केला. बाहेर संध्याकाळ होती, आणि खाली कोणाची तरी घरं होती, दिवे लागत असलेली.

विमान थांबल्यावर सगळे एकदम उठले. पुढची माणसं उतरायला लागली. नववी रांग कधीच निघून गेली. सुलाबाई वाटेत आली तेव्हा तिला दिसलं, चौदाव्या रांगेत सुयश कडेला सरकून उभा आहे, मागच्यांना पुढे जाऊ देतोय. सावळीरामबाबा भागीबाईला धरून हळूहळू बाहेर पडत होते. "ताई, लय उपकार झाले," भागीबाई म्हणाली. "झोपच लागली बघा मला. यांच्या खांद्यावर."

सुयशने आईच्या हातातली देवांची पिशवी घेतली. "बरी आहेस ना?"

"बरी हाय."

खाली बस उभी होती. अंजली आणि सृष्टी आधीच्या बसने गेल्या होत्या. एका मुलाने उठून सुलाबाईला जागा दिली. सुयश तिच्यापुढे वरचं कडं धरून उभा राहिला. बस हलली.

"सुयश."

"काय गं?"

"मला एक मागायचंय तुझ्यापाशी."

"माग की. पाणी देऊ?"

"पाणी नको." तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. "आधी सांगते. नेम माझा हाय, तुझा नाय. तुला नाय म्हणता येतं. म्हणालास तरी मला राग येणार नाय, रामाशपथ." सुयश वाकला. बसच्या घरघराटात तिला मोठ्याने बोलावं लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती ते बोलली. "मी तुमच्याकडं राहू का? पंधरा दिवस नाय रे. राहायलाच."

"हो," सुयश म्हणाला. "हो आई. अगं, हे काय विचारणं झालं?"

तिचं वाक्य संपायच्या आतच ते आलं होतं. सुलाबाईने वर बघितलं. सुयश हसत होता, डोळे ओले होते, खोटं त्यात काही दिसत नव्हतं. पण ते हो ती ओळखत होती. बायडाबाईला पैठणी देताना तेच निघालं होतं, सावळीरामबाबांना 'या ना, बसा' म्हणतानाही तेच. गोड, तात्काळ, समोरच्याला अवघडू न देणारं. त्याच्या मागे आत किती आहे आणि काय आहे, हे घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. आपलं हो असं दिसतं तर, तिला वाटलं. म्हणून पोराने ते घेतलं नव्हतं.

"कार्तिकी होऊ दे," ती म्हणाली. "घट मांडायला मी जातेच. कार्तिकी झाली की पुन्हा विचारीन. तवर तू विचार करून ठेव."

"आई, मी हो म्हणालो ना."

"म्हणालास रे. मीपण म्हणतेच की सगळ्यांना."

सुयश काहीतरी बोलणार होता. त्याने घसा खाकरला. पण बस थांबली, दारं उघडली आणि माणसं उतरायला लागली.

बाहेर टॅक्सी आली तेव्हा अंजलीने पुढचं दार उघडून धरलं. "आई, तुम्ही पुढे बसा, ऐसपैस."

मागे तिघांची जागा बरोब्बर होती. सुलाबाईने पुढच्या दारात पाय ठेवलाच होता.

"आजी," आतून सृष्टी म्हणाली, "पुढं नको ना. माझ्याजवळ बस ना."

सुलाबाई थांबली. मग पाय मागे घेऊन ती मागच्या बाजूला वळली. सृष्टी मध्ये सरकली. पलीकडे अंजली आणि अलीकडे सुलाबाई. सुयश क्षणभर उघड्या दारापाशी उभा राहिला, आणि पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. देवांची पिशवी त्याने खाली ठेवली नाही. मांडीवरच धरली.

गाडी निघाली. सृष्टीने आजीच्या दंडाला गाल टेकला आणि लाडू मागितला. डबा उघडता उघडता सुलाबाई पुढे बघत होती. मागून सुयशची मान दिसत होती, मानेवरचे पिकायला लागलेले केस, निवृत्तींसारखे बाहेर आलेले कान. मध्ये फक्त खुर्चीची पाठ होती. हात लांबवला असता तर पोहोचला असता. तिने लाडू फोडून अर्धा सृष्टीला दिला आणि अर्धा हातात तसाच धरून ठेवला, त्याने मागितला तर द्यावा म्हणून.